खदानीतली तूर

सरपंचबाईंनी घमेलं सरळ माझ्या टेबलावर ठेवलं, की-बोर्डच्या शेजारी. घमेल्यात काळी, ओलसर माती होती आणि तिच्यातून एक शिंपला डोकावत होता.

“हे काय हाय, सांगा,” त्या म्हणाल्या.

मी चष्मा वर केला. “माती.”

“माती तं हायेच जी. कोनती? मुरूम हाय का गाळ?”

“गाळ दिसतोय.”

“तुमाले दिसून राह्यला ना? मंग तुमच्या उपग्रहाले काऊन नाई दिसला?”

एवढं बोलून त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. तहसीलची नोटीस होती. गावच्या ई-क्लास जमिनीवर, म्हणजे गुरं चारायच्या सरकारी जमिनीवर, अनधिकृत उत्खनन चालू आहे, ते ताबडतोब थांबवा. सोबत एक रंगीत नकाशा जोडलेला. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात तयार करणाऱ्याचं नाव होतं. ते माझं होतं.

बाईंचं नाव शोभाताई. गावाचं नाव मी लिहीत नाही, त्यांनीच तशी ताकीद दिली आहे. “नाव छापसान तं सगळे गाळ पाहाले येतीन. चहा कोन पाजन?” केळझरकडे जाताना आत वळलं की टेकडीच्या पायथ्याशी आहे, इतकं पुरे.

आधी माझं काम काय ते सांगते, नाहीतर माझी चूक कळणार नाही. आणि ती कळायला हवी, कारण फार बेमालूम चूक होती.

वर्ध्यात आमचं छोटं ऑफिस आहे. चार कॉम्प्युटर, मोठे नकाशे छापणारा एक प्लॉटर आणि लांजेवार सर. उपग्रहानं काढलेले फोटो घ्यायचे आणि त्यावरून नकाशे करायचे, हा आमचा धंदा. त्या वर्षी जिल्ह्याचं एक काम मिळालं होतं: गिट्टी, मुरूम, रेती काढून काढून जमिनीचं किती वाटोळं झालंय ते मोजा. मागच्या काही वर्षांचे फोटो एकमेकांवर ठेवायचे आणि कुठे काय बदललं ते शोधायचं. वरून घेतलेला फोटो म्हणजे बारीक चौकोनांची गोधडी असते. आम्ही वापरतो त्या फोटोतल्या एका चौकोनात आमच्या ऑफिसची पुढची खोली, मागची खोली आणि सरांची खुर्ची सगळं मावतं. त्यामुळे त्यात माणूस दिसत नाही, बैल दिसत नाही. खड्डा मात्र चांगला दिसतो.

फोटो निवडायचा तो मे महिन्याचा. हा आमच्या लाइनीतला पक्का नियम. मे महिन्यात आभाळात ढग नसतात आणि शेतात पीक नसतं. सगळी जमीन उघडी. मुरूम तांबूस चमकतो, काळी जमीन काळी दिसते, खदानीचा खड्डा लपूच शकत नाही. माझ्या आधीच्यांनी मे बघितला, मीही मे बघत आले. या कामात मला वीस वर्षं होत आलीत, पण खरं सांगायचं तर मे सोडून दुसरा महिना खदानीसाठी उघडावा असं कधी डोक्यातच आलं नव्हतं.

तर शोभाताईंच्या गावाला एक जुनी मुरमाची खदान आहे. कुठल्याशा रस्त्यासाठी कधीकाळी खोदली, काम संपलं, खोदणारे निघून गेले, चारेक एकरांचा खड्डा गावाला राहिला. आमच्या यादीत ती ‘बंद खदान’ होती. यंदाच्या मे महिन्याच्या फोटोत तिचा पृष्ठभाग बदललेला दिसला. बंद खदान बदलली म्हणजे ती पुन्हा सुरू झाली, दुसरं काय? मग मी खोलात गेले. खड्ड्यात एक काळा डाग होता. मुरमाच्या खड्ड्यात काळं म्हणजे पाणी, आणि पाणी म्हणजे खड्डा चांगलाच खोल गेलाय. आमच्या सॉफ्टवेअरनं त्या डागावर ‘अनिश्चित’ असा शेरा मारला होता. मी तो पुसला आणि ‘पाणी’ असं लिहिलं. आणखी एक गोष्ट होती. खदानीपासून गावच्या तलावापर्यंत ट्रॅक्टर जाऊन जाऊन उजळलेली वाट दिसत होती आणि तलावाचा तळही उकरलेला होता. म्हणजे हे लोक दोन्हीकडून खोदतायत.

तीन पुरावे, तिन्ही जुळणारे. मी खूश होऊन जागेभोवती लाल रेघ ओढली. सरांना दाखवलं. सर म्हणाले, “व्वा मॅडम, एकदम क्लिअर केस.” रिपोर्ट गेला. तिकडून नोटीस निघाली.

आता ती क्लिअर केस माझ्या टेबलावर घमेल्यात बसली होती.

“ताई, हा गाळ तलावातला आहे?” मी विचारलं.

“हाव. तलावातला काढतो अन् खदानीत टाकतो. दोन उन्हाळे झाले, तेच करून राह्यलो. अन् तुमी म्हनता आमी खोदून राह्यलो. आमी तं बुजवून राह्यलो, मॅडम.”

वाट दिसली होती, ट्रॅक्टर चालतो हे कळलं होतं. पण भरलेला कुठल्या दिशेनं जातो आणि रिकामा कुठल्या, हे फोटोत येत नाही. ते मी मनानंच ठरवलं होतं.

आवाज ऐकून लांजेवार सर केबिनबाहेर आले. घमेल्याकडे बघितलं, नोटिशीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“फील्ड व्हेरिफिकेशन केलं होतं?”

“नाही सर. यादीतल्या काही जागा तपासायच्या असं ठरलं होतं. ही त्यात नव्हती.”

“का नव्हती?”

“तुम्हीच म्हणालात, क्लिअर केस आहे.”

सर खुर्चीत बसले. शोभाताईंनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. “भांडून घ्या तुमी,” त्या म्हणाल्या, “मंग माह्यं आयका. मृगाले दहा-बारा दिवस राह्यले. एकदा पानी पडलं का तलावात उतरता येत नाई अन् काळ्या वावरातून ट्रॅक्टर जात नाई. अर्धी खदान झाली, अर्धी बाकी हाय. आमचे दोन ट्रॅक्टर तहसीलच्या आवारात उभे करून ठेवले. बचत गटाच्या बायाईले मी दोन वर्षं सांगून राह्यली का हे जमीन आपुन जित्ती करू. आता थ्या मले इचारतात, ताई, गाळ टाकाची बी चोरी हाय का?”

हे शेवटचं त्या शांतपणे बोलल्या, पण ऐकताना माझे कान तापले. दोन वर्षं कोणीतरी पाट्या वाहून जमीन दुरुस्त करतंय, आणि मी एसीत बसून त्यांच्यावर लाल रेघ ओढते. लाज वाटली, साफ लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सरांच्या गाडीतून निघालो. आमचं घर वर्ध्यातलं किराणा दुकानवाल्यांचं. शेती मी पाहिली ती गाडीच्या काचेतून, आणि तूर पाहिली ती पोत्यातली. त्यामुळे साधी चप्पल घालून गेले. ही माझी दुसरी चूक.

खदानीच्या कडेला उभी राहिले आणि पाहतच राहिले. अर्धा खड्डा उघडा मुरूम, तांबडा, कडक, पाय ठेवला तर कुरकुर वाजणारा. एक बाभूळसुद्धा नाही. आणि उरलेल्या अर्ध्यात काळ्याभोर गाळाचा थर, फूटभर तरी असेल. मधोमध धुरा, म्हणजे बांध, घातलेला. नव्या गाळाचे ढीग अजून ओले होते. माझा ‘पाण्याचा’ डाग नेमका तिथेच होता. खात्री करावी म्हणून मी त्यात पाय टाकला. पाय बाहेर आला, चप्पल आली नाही.

गटाच्या सात-आठ बाया झाडाखाली बसल्या होत्या. काम बंद, तरी आल्या होत्या. एकीनं खिदळत विचारलं, “मॅडम, पानी हाय ना? किती खोल हाय?” बाकीच्या तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले. करणार काय? एकीनं हात घालून चप्पल काढून दिली, धुवायला तांब्याभर पाणी दिलं आणि वर सांगितलं, “पुढच्या टायमाले बूट घालून येजा.”

सर सगळीकडे फिरून फोटो काढत होते. जीपीएस लावून जागा टिपत होते. परत येऊन म्हणाले, “मॅडम, मामला साफ आहे. आज तहसीलला जाऊ, सांगू चूक झाली, संपलं.”

संपलं नाही.

तहसीलदार साहेब तरुण होते, नीट ऐकून घेणारे. त्यांनी आमचे फोटो बघितले, पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, “मॅडम, पंधरा दिवसांपूर्वी तुमचाच नकाशा सांगत होता की खदान चालू आहे. आज तुम्हीच सांगता की नाही. मी कोणाचं ऐकू?”

“साहेब, तिथे गाळ आहे. मी स्वतः पाय घालून बघितला.”

“असेल ना. पण मुरूम खोदून वर गाळ पसरणारे लोक मी पाहिलेत. नोटीस येताच एका दिवसात खड्डा झाकतात. हा गाळ दोन वर्षांपासून पडतोय, गेल्या आठवड्यातला नाही, हे मला दाखवा. मी लगेच ट्रॅक्टर सोडतो.”

माणूस चुकीचं बोलत नव्हता. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं. गेल्या वर्षीचा मे महिन्याचा फोटो माझ्याकडे होता, पण त्यात पहिल्या उन्हाळ्याचा गाळ नुकताच कडेला पडायला लागला होता. चार-दोन चौकोन काळे. तेवढ्यावर कोण विश्वास ठेवणार?

बाहेर आलो. आवारात ते दोन ट्रॅक्टर उन्हात उभे होते. शोभाताई एकाच्या सावलीत बसून डब्यातली भाकर खात होत्या. सरांनी त्यांना काय झालं ते सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला.

“असा कसा एका दिवसातला म्हनतात?” त्या म्हणाल्या. “मागच्या साली टाकला त्या गाळात आमी तुरी घेतल्या ना जी. सगळ्या गावानं सोलेभात खाल्ला त्याच्यावर.”

परगावच्या वाचकांसाठी सांगते. सोले म्हणजे तुरीच्या हिरव्या शेंगांतले ओले दाणे. आमच्या भागात हिवाळा लागला की घरोघर सोलेभात होतो, आणि ज्याच्या वावरात पहिल्या शेंगा भरतात त्यानं शेजारीपाजारी वाटायच्या, अशी रीत आहे. शोभाताईंच्या गावात त्या वर्षी पहिल्या शेंगा खदानीतून आल्या. गाळ टाकणाऱ्या प्रत्येक घरी त्या पोचल्या.

“कधी खाल्ला?” मी विचारलं.

“संक्रांतीच्या आगंमांगं. काऊन?”

“तूर हिरवी होती तेव्हा?”

“मंग? वाळलेल्या तुरीचे सोले कुठून येतीन?” त्यांनी सरांकडे पाहिलं. या बाईला उन्हाचा त्रास झालाय असं त्यांना वाटलं असणार.

मी गाडीकडे पळाले. या वयात मी पळत नाही, पण पळाले. “सर, चला. जानेवारी उघडायचा आहे.”

इथे एक गोष्ट समजून घ्या. उपग्रहाचा कॅमेरा आपल्या डोळ्यांपेक्षा जास्त बघतो. हिरवं, जिवंत पान एक प्रकारचा उजेड जोरात परत फेकतं. तो आपल्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. त्या उजेडाला आम्ही फोटोत लाल रंग देतो. म्हणजे आमच्या अशा फोटोत जिथे जिवंत पीक आहे तिथे लाल. गाळ कुठूनही आणून एका दिवसात पसरता येईल. मुरूम झाकता येईल. पण तूर एका दिवसात उगवत नाही. ती पेरावी लागते, सात-आठ महिने उभी राहते आणि थंडीत सोयाबीन निघून गेलं तरी हिरवीगार असते.

ऑफिसात आल्यावर जानेवारीचा फोटो उतरवून घेतला. नेट त्या दिवशी मुद्दाम हळू चालत होतं. सर मागे उभे, शोभाताई माझ्या शेजारी स्टुलावर. त्या हट्टानं आमच्याबरोबर आल्या होत्या. हळूहळू टेकडी आली, तलाव आला, मग खदान. बरीचशी खदान फिकी, मेलेली. आणि एका कडेचा मोठा पट्टा लालबुंद.

मग शोभाताईंनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

“हे आमची तूर हाय?”

“हो.”

“वरून दिसली?”

“दिसली, ताई. उपग्रहाच्या दर फेरीत दिसत होती. डिसेंबरातही असणार, फेब्रुवारीतही. आम्हीच बघितली नाही.”

त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच काढला. “दोन वर्षं आमी रगत आटवलं,” त्या म्हणाल्या, “मले वाटे कोनालेच दिसत नाई.”

सर जोरात नाक शिंकरून म्हणाले, “प्रिंट काढा मॅडम. मोठ्या साइजमध्ये. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत सगळ्या.”

सकाळी आम्ही तिघंही तहसीलदार साहेबांसमोर बसलो होतो. टेबलावर चार मोठे कागद पसरले. पहिल्या कागदावर खदानीचा तो पट्टा लालसर, दुसऱ्यावर लाल, तिसऱ्यावर आणखी लाल, चौथ्यावर पुन्हा फिकट, कारण तोवर तूर कापणीला आली होती.

साहेबांनी बराच वेळ बघितलं. “हे लाल म्हणजे?”

“तूर, साहेब.”

“खदानीत?”

“खदानीत.”

“म्हणजे तुमच्या रिपोर्टप्रमाणे खदान चालू असताना, तिच्या खड्ड्यात चार महिने तूर उभी होती.”

“हो साहेब.”

त्यांनी चष्मा काढला आणि हसायला लागले. आधी हळू, मग चांगलेच. आम्हीही हसलो. आधी भीत भीत, मग मोकळेपणानं. क्लार्क दारातून डोकावून गेला.

“आधी का नाही बघितलंत हे?” हसू थांबल्यावर त्यांनी विचारलं.

“साहेब, खदान बघणारे लोक मे महिना बघतात. हिवाळ्यात पीक आडवं येतं.”

“पीक आडवं येतं,” त्यांनी माझं वाक्य पुन्हा म्हटलं, आणि नोटीस मागे घेत असल्याचा आदेश लिहायला घेतला. मी माझ्या दुरुस्तीच्या पत्रावर सही केली. त्यात ‘विश्लेषकाची चूक’ असे शब्द होते. सर म्हणाले होते ‘तांत्रिक त्रुटी’ लिहू. मी म्हटलं, तंत्राची काही चूक नाही. तंत्र तर अनिश्चित म्हणत होतं.

ट्रॅक्टर दुपारच्या आत गावात पोचले. मी मुद्दाम गेले होते, या वेळी बूट घालून. बायांनी मला ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसवलं आणि तलावापासून खदानीपर्यंत गाळाच्या ट्रॉलीबरोबर आणलं. रस्ताभर हाडं खिळखिळी झाली. भरलेला ट्रॅक्टर कुठल्या दिशेनं जातो, ते आता माझ्या कमरेच्या कायम लक्षात आहे. उतरल्यावर शोभाताईंनी हातात घमेलं दिलं. चार घमेली टाकली असतील मी. पाचवं उचलताना एकीनं ते हातातून काढून घेतलं आणि सांगितलं, “राहू द्या मॅडम, तुमी कॉम्प्युटर पाहा.”

मृगाआधी पूर्ण खदान भरली नाही. पण थोडाच तुकडा उरला. तो पुढच्या उन्हाळ्यावर गेला, आणि त्याला नोटीस आली नाही.

मी त्यानंतर पूर्ण यादी पुन्हा काढली. लाल रेघ ओढलेल्या प्रत्येक जागेचा हिवाळा उघडून बघितला. आणखी एक गाव सुटलं, तिथेही लोक गाळ टाकत होते. आणि एक ठिकाण अडकलं. तिथे मे महिन्यात काळी माती पसरून शेत केल्याचा देखावा होता, पण कुठल्याच हिवाळ्यात एक पान नव्हतं. तहसीलदार साहेबांची शंका अगदीच हवेत नव्हती तर. म्हणजे धडा एवढाच: खोदणाऱ्याला बघायचं असेल तर मे उघडा, आणि दुरुस्त करणाऱ्याला बघायचं असेल तर जानेवारी. आम्ही इतकी वर्षं अर्धंच कॅलेंडर वापरत होतो. नकाशाच्या रंगांच्या यादीतही चालू खदान होती, बंद खदान होती, ढिगारा होता, पाणी होतं. सुधारत असलेल्या जमिनीला रंगच नव्हता. आता आहे.

पुढच्या वर्षीचा रिपोर्ट तयार झाला तेव्हा सरांनी तो सहीसाठी उघडला आणि शोभाताईंच्या गावाच्या ओळीवर थांबले.

“मॅडम, हा नुकसानीचा आकडा गेल्या वर्षीपेक्षा कमी कसा? आपल्या कामात नुकसान कधी कमी होतं का? चूक झाली असेल, बघा.”

“चूक गेल्या वर्षी झाली होती, सर,” मी म्हटलं. “यंदाचा आकडा मी चालून मोजलाय.”

त्यांनी सही केली.